दमलेल्या पेशी आणि माझी ऊब

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना इन्क्युबेटर आहे. कारखान्यातून आलो तेव्हा माझा पत्रा इतका चकचकीत होता, की येणारा-जाणारा माझ्यात बघून केस नीट करायचा. काम मात्र एकच: माणसाच्या अंगाइतकी, सदतीस अंश ऊब पोटात धरायची आणि आत ठेवलेल्या पेशींना जगवायचं. पुढे शेजारी नवा इन्क्युबेटर आला. त्याच्या दारावर आकडे लुकलुकतात. मग माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी साठू लागली. मान किती उतरला, ते डोक्यावर काय ठेवतात त्यावरून कळतं.

इथल्या तंत्रज्ञ काकूंनी मात्र मला टाकलं नाही. त्या रोज माझं दार पुसायच्या आणि दार आपटणाऱ्याला सुनवायच्या, "घरचं कपाट आहे का हे?"

पाच वर्षांपूर्वी इथे बारा जणांनी डेंग्यूची एक नवी लस टोचून घेतली. यंदा त्यांचं रक्त तपासलं, तर विषाणूला अडवणारी प्रतिपिंडं जवळजवळ संपलेली. आता सगळी भिस्त टी-पेशींवर. एकदा ओळख झालेला शत्रू या पेशी वर्षानुवर्षं लक्षात ठेवू शकतात. त्यांना विषाणूचे तुकडे दाखवायचे. जिला ओळख पटेल ती आपला रस सोडते आणि बारीक खळग्यांच्या प्लेटवर तिचा एक निळा ठिपका उमटतो. प्रत्येकाच्या पेशींच्या दोनच कुप्या गोठवलेल्या होत्या.

संशोधक मॅडमना अहवालाची घाई. त्यांनी पहिल्या बारा कुप्या वितळवल्या आणि तशाच चाचणीला लावल्या. दुसऱ्या दिवशी प्लेट जवळजवळ कोरी.

"विसरल्या सगळं," मॅडम खुर्चीत बसत म्हणाल्या. "पाच वर्षं, काकू. लिहून टाकते, लशीचा असर गेला."

काकूंनी प्लेट उजेडात धरली. "हे कडेचे खळगे बघा. यांत आपण कुठल्याही पेशीला डिवचणारं औषध घालतो. तिथंही चार-दोनच ठिपके. या विसरल्या नाहीत हो, दमल्यात. एवढ्या गारठ्यातून आल्या आणि तुम्ही दारातच प्रश्न विचारलेत."

"आणि उरलेल्या कुप्याही वाया गेल्या तर?"

"तर माझ्यावर ढकला. एक दिवस निजू द्या त्यांना."

मॅडमचा हात नव्या इन्क्युबेटरकडे गेला. काकू म्हणाल्या, "तिथं नको, त्याचं दार दिवसात पन्नासदा उघडतं. याच्याकडे कुणी फिरकत नाही." उपेक्षेचाही कधी असा उपयोग होतो.

पेशी माझ्या पोटात दिवसभर निजल्या. मग त्यांना प्लेटवर घेऊन पुन्हा माझ्याकडे ठेवलं. प्लेट हलली तर ठिपके फिसकटतात, म्हणून काकूंनी दारावर चिठ्ठी लावली: 'उघडेल त्याची गाठ माझ्याशी.' मोठे साहेबसुद्धा ती वाचून परत फिरले. मीही अर्धा अंश इकडेतिकडे होऊ दिला नाही.

तिसऱ्या दिवशी प्लेट धुऊन रंगवली. अकरा जणांच्या खळग्यांत ठिपके दाटले होते. बाराव्याच्या खळग्यात मोजून तीन. आनंदाच्या भरात मॅडमची मोजणी दोनदा चुकली.

"ओळखलं, काकू."

"ओळखणारच. त्या विसरभोळ्या नव्हत्या, आपणच उतावळ्या."

घाई एकट्या मॅडमची, पण काकू 'आपण' म्हणाल्या. आणि मॅडमनीही पहिली प्लेट लपवली नाही; अहवालात जोडली, खाली लिहिलं, 'चूक माझी'. दोघींपैकी कुणाचं कौतुक जास्त करावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी लांबून, शिणून येईल. विचारायचं ते जरूर विचारा, पण आधी त्याला जरा टेकू द्या. आणि उत्तर नाही आलं, तर त्याला नापास करण्याआधी आपण कधी विचारलं, तेवढं आठवून पाहा.