केरूचं नाव

म्हातारी अंगणात वाळलेल्या शेंगा बडवत होती. काठीचा दणका आज जरा जास्तच जोरात बसत होता, कारण आत लेकाची बांधाबांध चालली होती. वीटभट्टीवर काम मिळालं होतं. बायको आणि तान्हं पोर घेऊन तो कायमचा निघाला होता.

बोचकं उंबऱ्यावर आपटून तो म्हणाला, "पोराचं नाव मी ठेवणार. तू मधे तोंड घालायचं नाही."

"ठेव की. मी काय हात धरलाय तुझा?"

"तुझ्यावर सोपवलं तर उकिरडाच ठेवशील. जगातली नावं काय संपली होती, आई? केरू! म्हणजे केर! शाळेत पोरं माझ्या दप्तरात कचरा भरायची."

काठी थांबली. त्याच्या आधीची दोन पोरं तिनं मातीत ठेवली होती. नावं राजासारखी आणि लाडही तसेच. हा झाला तेव्हा सुईणीनं त्याला दारामागच्या केरात निजवला आणि 'टाकलेलं पोर सापडलं गं' म्हणत उचलून तिच्या पदरात घातला. मरणाला चांगलं तेच लागतं. केर कोण उचलून नेतंय? पण ही गोष्ट पोराला कळली की मरणालाही कळणार, असं सुईणीनं बजावलं होतं. म्हणून तिनं त्याला कधी सोन्या म्हटलं नाही, चारचौघांत जवळ घेतलं नाही.

"बोल ना," तो म्हणाला. एवढ्या बाप्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "एकदाच सांग. मी नकोसा होतो का तुला?"

सगळं तिच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं.

"होतास नकोसा. निघा आता, ऊन चढायच्या आत."

बोचकं खांद्यावर टाकून तो निघाला. मागोमाग सून, पोराला छातीशी धरून.

कुंपणापलीकडून सुईण ओरडली, "अगं, जीभ आहे का कोयता? सांगून टाकायचंस की! आता काय होणार आहे त्याला?"

"त्या दोघांच्या वेळीही हेच म्हणाली होतीस, काय होणार आहे म्हणून."

सुईण कुंपणापासून मागे सरली.

वळणावर तो थांबला. बोचकं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. आत्ता हाक मारली तर वळेल, हे तिला कळत होतं. पण हाकेत माया उतरली तर? तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तो दिसेनासा झाला, तरी बोळा काढायला ती धजली नाही.