मॅडमची खाट

ब्राह्मीने प्रेशर कुकर टॉवेलात गुंडाळला आणि जुन्या बॅटऱ्यांच्या खोक्यात तळाशी दडवला. वर दोन बॅटऱ्या ठेवल्या, त्यांवर वायरींचं भेंडोळं. खोकं उचलून ती अंगणातल्या गाडीपाशी आली, तर घरमालक लालासाहेब पायरीवर तंबाखू मळत बसलेले.

"बिघडल्या व्हय बॅटऱ्या?"

"हो काका. उद्या सांगलीला बदलून आणते."

"लय जड दिसतंय. द्या हिकडं."

"नको, नको," म्हणत तिने खोकं पोटाशी धरून डिकीत सारलं. आत कुकरचं झाकण खडखडलं. लालासाहेबांनी तंबाखूवर थाप मारली आणि चिमूट तोंडात टाकली.

शेहेचाळीस वर्षांची, भूकंपशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली बाई स्वतःचाच कुकर चोरून नेत होती. दोन महिने हेच चाललं होतं. सुट्टीला सांगलीच्या घरी जाताना आधी पुस्तकं गेली, मग मिक्सर, मग गरम कपडे. उद्या ती जाणार होती ती परत न येण्यासाठी. डेहराडूनच्या संस्थेने तिला बोलावलं होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं. हिमालयात काम करायचं म्हणून तर तिने विशीत हा विषय घेतला होता, आणि उमेदीची अकरा वर्षं गेली कोयनेच्या खोऱ्यातले बारके धक्के मोजण्यात. या वयात असं बोलावणं दुसऱ्यांदा येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

चोरून जायचं कारण वाघजाईवाडी. वाडीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत तिचं भूकंपमापक यंत्र होतं आणि लालासाहेबांच्या घरामागच्या दोन खोल्यांत ती अकरा वर्षं भाड्याने राहत होती. यंत्राच्या रेघा वाडीत कुणाला कळत नव्हत्या, मॅडम मात्र कळायच्या. मॅडम घरात झोपल्यात म्हणजे भिण्यासारखं काही नाही. मॅडमनी सामान बांधलं की पळायचं. एवढं सोपं शास्त्र लोकांनी आपसांत बसवून टाकलं होतं. भूकंप कधी येणार हे जगात कुणालाच आधी सांगता येत नाही, असं ती शाळेत बोलली, ग्रामसभेत बोलली, भजनी मंडळापुढेसुद्धा बोलली. लोक माना डोलवायचे आणि घरी जाताना म्हणायचे, "ठावं हाय तिला समदं. सरकारनं तोंड बांधलंय बाईचं."

चार वर्षांपूर्वी सासूबाई आजारी पडल्या, तेव्हा ती दोन ट्रंका घेऊन सांगलीला गेली होती. त्याच आठवड्यात एक हलका धक्का बसला. अख्खी वाडी पोरंबाळं घेऊन पौषाच्या थंडीत शेतात झोपायला गेली. ती परत आली तोवर म्हातारे नाथाजी छातीत कफ होऊन गेले होते. कुणी तिला बोल लावला नाही. उलट नाथाजींचा मुलगा हात जोडून म्हणाला, "तुमी बोलला न्हाईसा, पर आमी वळखलं. तुमच्यामुळं बाकीची तर वाचली." ते हात तिला कितीतरी दिवस झोपू देत नव्हते.

म्हणून तिचे यजमान सन्मती म्हणाले होते, "गुपचूप ये. एकदा गेलीस की चार दिवस कुजबुज होईल, मग विसरतील." सांगलीजवळ कुपवाडला त्यांचा पंपाचे भाग बनवायचा छोटा कारखाना होता. अकरा वर्षं सुट्टीपुरती बायको मिळाली, पण त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. डेहराडूनलाही अधूनमधून येईन म्हणाले होते.

ती डिकी लावते आहे तोच कराडहून आलेला टेम्पो रस्त्याला थांबला. लोखंडाच्या सळया खडखडत उतरू लागल्या. लालासाहेब उठून उभे राहिले, आणि आतून त्यांच्या पत्नी चंद्राबाई पदराला हात पुसत आल्या.

"सोमवारी कौलं उतरायची," लालासाहेब म्हणाले. "स्लॅब टाकून घेतो. वर शिवतेजला खोली."

शिवतेज त्यांचा मुलगा, पलटणीत होता. वैशाखात त्याचं लग्न.

"काका, मी तुम्हाला बोलले होते. या भिंती दगडमातीच्या आहेत. त्यांवर स्लॅबचं ओझं नका घालू. पत्रा घाला, नाहीतर कॉलम उभे करून..."

"आवं म्याडम," लालासाहेब हसले, "भ्याव असतं तर तुमी ऱ्हायला असता व्हय हितं?"

ती आत जायला वळली, पण चंद्राबाईंनी तिचा हात धरला. त्या खुशीत होत्या.

"तुमचं लय उपकार हायत. सून कुंडलची, शिवांजली. तिच्या आयबापांचं न्हाईच हुतं. तुमच्याकडं जमीन हालती, पोर देनार न्हाई म्हनली. मग ह्येंनी सांगितलं, भूकंपाची म्याडमच आमच्यात ऱ्हाती. तवा कुटं हो म्हनली."

ब्राह्मी खोलीत येऊन खाटेवर बसली. खोली जवळजवळ रिकामी होती, म्हणून ती अलीकडे दार लोटूनच ठेवायची. वर वासे होते, त्यांवर कौलं. सदुसष्ट सालच्या भूकंपात हे घर पडलं होतं आणि त्याच दगडांनी पुन्हा उभं राहिलं होतं. चंद्राबाईंचं माहेर याच वाडीतलं, तेव्हा त्या लहान होत्या. ही हकिगत त्या लग्नाच्या जेवणाची सांगावी तशी रंगवून सांगायच्या.

आपण गेलो तर काय होईल, याचा तिने विचार केला. लोक पळतील, चार रात्री शेतात काढतील. काही झालं नाही की परत येतील आणि स्लॅब टाकतील. राहिलो तर सोमवारीच टाकतील. म्हणजे आपण जाऊन उपयोग नाही आणि राहूनही नाही. तिला संताप आला. लालासाहेबांचा आला, न पाहिलेल्या त्या कुंडलच्या माणसांचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. अकरा वर्षं लोकांनी आपल्या शब्दाकडे पाहिलंच नव्हतं. आपण झोपतो कुठे, तेवढंच पाहिलं होतं.

बऱ्याच वेळाने ती उठली. गादी गुंडाळून खाटेवर टाकली, खाट घडी करून पट्ट्याने बांधली आणि ओढत दाराबाहेर काढली.

संध्याकाळची डेअरीची वेळ होती. सगळी वाडी किटल्या घेऊन दूध घालायला रांगेत उभी होती, आणि पत्र्याच्या खोलीकडे जायचा रस्ता डेअरीवरूनच होता. खाटेचे पाय रस्त्यावर खरडत येऊ लागले, तशी बोलणी थांबली. दूध मापणाऱ्या शंभूराजने माप हातातच धरलं.

"म्याडम, खाट कुटं?"

"यंत्राच्या खोलीत. तिथे झोपणार आजपासून."

"का वं? घरात काय झालं?"

"काकांच्या घरावर स्लॅब टाकतायत. भिंती मातीच्या आहेत. त्या स्लॅबखाली मी झोपणार नाही."

"म्हंजे येनार..."

"ते मला माहीत नाही. मी कुठे झोपणार नाही, ते माहीत आहे."

एका बाईने किटली खाली ठेवली आणि खाटेचं दुसरं टोक उचललं.

पत्र्याच्या खोलीत कुणी पाऊलही टाकायचं नाही, असा तिचाच नियम होता. पावलांचे हादरे नोंदीत मिसळायचे. तिने यंत्रापासून होईल तितकी दूर खाट मांडली. आता आपल्या कुशी बदलण्याचीही नोंद होणार, हे तिच्या ध्यानात आलं. या खोलीतला पुढचा अभ्यास बादच म्हणायचा.

दिवेलागणीला लालासाहेब आले. टोपी हातात होती. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"चारचौघांत आमच्या घराची अब्रू घालवलीसा, म्याडम."

"हो काका."

"अकरा वर्सं लेकीगत वागवलं तुमाला."

तिने मान खाली घातली. लालासाहेब दारातल्या दगडावर बसले.

"कुंडलच्या पावन्यांचा फोन आला हुता. कुणी सांगितलं कुनास ठावं. म्हनत्यात, म्याडम झोपत न्हाईत तितं आमची पोर कशी झोपंल?" त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "मग आता कसं बांधायचं?"

अकरा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. येणार का, कवा येणार, किती मोठा येणार, हे सगळं विचारून झालं होतं. ती पटकन खाली बसली आणि जमिनीवरच बोटाने घर काढू लागली. कोपऱ्यात कॉलम, खाली पायावर काँक्रीटची एक पट्टी, दारं-खिडक्यांच्या वर एक पट्टी, सळईला कडी कशी घालायची. बोलताना तिचा आवाज चढला होता. लालासाहेब वाकून पाहत होते.

"सयाजी गवंड्याला ह्यातलं काय कळायचं न्हाई," ते शेवटी म्हणाले. "तुमास्नी उभं ऱ्हावं लागंल. सोमवारी हायसा न्हवं?"

तिचं बोट जमिनीवरच थांबलं.

"आहे," ती म्हणाली.

लालासाहेब उठले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसत होता. "मग झालं. तुमी हायसा म्हटल्याव काय भ्याव," असं म्हणत ते अंधारात उतरून गेले.

तिने सांगलीला फोन लावला. सन्मतींना सगळं सांगितलं.

"अहो, काय करू आता?"

"महिन्याची मुदत माग त्यांच्याकडे. देतील. एकाच घराचा तर प्रश्न आहे."

"हो, एकाच घराचा," ती म्हणाली, आणि तिला एकदम हलकं वाटलं. महिना म्हणजे काहीच नव्हे. डेहराडूनला मुदतीचं पत्र कसं लिहायचं, ते मनात जुळवतच ती झोपली.

सकाळी बाहेर खोकल्याचा आवाज आला म्हणून तिने दार उघडलं. सयाजी गवंडी ओळंबा घेऊन उभा होता. त्याच्या मागे शंभूराज, नाथाजींचा मुलगा, काल खाट उचलणारी बाई, आणि पलीकडच्या आळीतली माणसं बांधाला टेकून बसलेली. रात्रीतून कुणी आपल्या घराचे फोटो मोबाइलवर काढून आणले होते.

"आमी बी औंदा स्लॅब टाकनार हुतो," नाथाजींचा मुलगा म्हणाला. "सयाजीकडं पावसापातुर सा घरं हायत. दसऱ्यानंतर आनखी. म्हनलं, तुमी हायसा तवर बघून घ्यावं."

ब्राह्मी दाराला धरून उभी राहिली. माणसं मोजायचं तिने टाळलं. मग चप्पल पायात सरकवली.

"आधी कुणाचं?" तिने विचारलं.