ओळ उचलणं

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींची घडी दोघी दोघींनी करायची आणि घडी करताना गायचं, ही रीत आज्यांपासूनची. नियम एकच. एकीने ओळ टाकायची. त्यातली गोष्ट जिने स्वतः पाहिली-ऐकली असेल तिनेच ती उचलायची, म्हणजे मागून म्हणायची. सुपरवायझरच्या ढेकरावरची ओळ सगळ्यांनी उचलली होती. खोटी ओळ पडली, की हात चालू, तोंडं बंद.

इथे घडी करणाऱ्या नणंद-वहिनीच्या जोडीतल्या नणंदेचा हात इस्त्रीच्या तापत्या रुळात सापडला. चौकशीला आलेल्या बाईंना सुपरवायझर म्हणाला, "गाण्याच्या नादात हात घातला हिने. हिला काढा, गाणं बंद करा. अपघात बंद."

वहिनीला खरं काय ते माहीत होतं. रुळापुढची जाळी तिच्याच नवऱ्याने, इथल्या मेकॅनिकने, म्हणजे नणंदेच्या सख्ख्या भावाने काढली होती. जाळीत चादरी अडकतात म्हणून सुपरवायझरनेच त्याला काढायला लावली. वहिनी तेव्हा शेजारी टोपली भरत होती. बाकीच्या मागे, पिळणीपाशी होत्या. अपघात होताच जाळी परत बसली. घरी नवरा एवढंच म्हणाला होता, "तू काही पाहिलं नाहीस."

"ते गाणं ऐकवा बघू," चौकशीच्या बाई म्हणाल्या.

"कशाला, मॅडम? कान किटतील."

नणंदेने चांगल्या हातात चादरीचं टोक धरलं. समोर वहिनी. दाराशी पाना घेऊन नवरा.

"रुळापुढं जाळी नव्हती गं, जाळी नव्हती."

कोणी उचलली नाही. चादर अर्ध्यात दुमडली.

"वहिनी, घसा बसला का गं?"

"नाही हो, वन्सं. जरा अडकलाय."

नणंदेने ओळ पुन्हा टाकली. वहिनीने दाराकडे न बघता ती उचलली आणि पुढची जोडली:

"घरधन्यानं काढली गं, साहेबानं काढवली."

बायका गप्प. त्यांनी पाहिलं नव्हतं. मग दाराकडून एक पुरुषी आवाज आला, बेसूर, शब्द चाचपडत: "साहेबानं काढवली..."

नवरा धुलाईघरात कधी गायला नव्हता. का ते आता कळलं. कोणीतरी फिस्सकन हसलं.

चौकशीच्या बाई रुळाशी वाकल्या. सगळं यंत्र गंजलेलं, जाळीचे बोल्ट तेवढे ओरखडलेले, चकचकीत.

"साहेब," नणंद म्हणाली, "पाहणाऱ्यांत आता तुम्हीच राहिलात. उचला."

सुपरवायझरने तोंड उघडलं नाही. दोघींनी चादरीची टोकं जुळवली आणि पुढची चादर घेतली.