शेवट लपवू नये

फिलिपाचा मेल आला तेव्हा मी मॅबेलला कुस्करलेलं केळं भरवत होते. एक डोळा तिच्या घशाकडे, एक फोनकडे. दहा महिन्यांची पोर काहीही गिळताना श्वास माझाच अडकतो.

फिलिपा लंडनची साहित्यिक एजंट. तिला पसंत पडलं तर ती पुस्तक प्रकाशकांकडे नेणार. नाहीतर ग्रिम्सबीसारख्या मासेमारी बंदरातल्या बाईला तिथे कोण विचारतं? सात महिन्यांपूर्वी मी तिला कादंबरीची पहिली तीन प्रकरणं पाठवली होती. आता तिला सगळी कादंबरी हवी होती, आणि एका पानाचा सारांश. खाली मुद्दाम लिहिलं होतं, सारांशात शेवट लपवू नये.

लपवायला शेवट होता कुठे! नवे लेखक करतात तोच गाढवपणा मी केला होता. उत्तर काही येत नाही अशा खात्रीने, पुस्तक पुरं व्हायच्या आतच तीन प्रकरणं घासूनपुसून पाठवून दिली होती. अकरा प्रकरणं तयार होती. बारावं डॅडच्या पोटात होतं.

कादंबरी त्याच्या धाकट्या भावाची, कीथची. चौऱ्याहत्तर साली, एकोणिसाव्या वर्षी तो आमच्या गोदीतून आइसलँडकडे मासेमारीला गेला. बोट, माणसं, काहीच परत आलं नाही. त्या फेरीवर खरं तर डॅड जायचा होता. हातात गळ घुसला म्हणून तो राहिला आणि त्याच्या जागी कीथ गेला. "निघायच्या दिवशी काय झालं?" असं विचारलं की डॅड म्हणायचा, "सांगेन गं. घाई काय आहे? कीथ कुठे पळून चाललाय?"

मग त्याचं विसरणं सुरू झालं.

वृद्धाश्रमात बेव्ह त्याचं सगळं बघते. मेल आला त्याच दिवशी मी गेले, तर दारातच म्हणाली, "आज साहेबांनी मला दोनदा नोकरीवरून काढलंय. एकदा चहात साखर कमी म्हणून, एकदा मी हसले म्हणून." मग आवाज खाली आणून, "सकाळपासून कीथ कीथ चाललंय. भरतीबरोबर येतोय म्हण. तेवढ्यावर शांत होतो."

हा तिथला नियम. दीड वर्ष मीही पाळलेला.

डॅड खिडकीशी बसला होता. "कीथ आला का गं?"

मी दार लोटून घेतलं.

"डॅड, कीथची बोट बुडाली. चौऱ्याहत्तर साली. तू त्या दिवशी कुठे होतास?"

हे मी समजूनउमजून केलं. ती बातमी त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा पोचताना मी पाहिली. आधी तो माझ्यावर चिडला. मग हळूच म्हणाला, "आमच्या आईला कळलंय? तू नको सांगूस. मी सांगतो."

आणि मग तो बोलत सुटला, एकही धागा न सोडता. निघणाऱ्याला पोचवायला आमच्याकडे कुणी गोदीवर जात नसे. अपशकुन नको म्हणून बायका त्या दिवशी कपडेसुद्धा धूत नसत. आणि हात तर कुणी कधीच हलवत नसे. हात हलवला की समुद्र माणूस ठेवून घेतो म्हणायचे. हे मला ठाऊक होतं. माझ्या शाळेच्या दारात सगळे बाप हात हलवत, आणि माझा पाठ फिरवून चालू लागे. मला वाटायचं, तुसडा आहे.

पण डॅड त्या दिवशी गोदीवर गेला होता.

"माझी जागा घेतली म्हणून मी तोंड फुगवून बसलोय असं त्याला वाटू नये, म्हणून गेलो," तो म्हणाला. "बोटीवरून ओरडला, 'ए थोट्या, हात तरी हलव!' हसत होता गाढव. सगळेच हसत होते." डॅडने आपला उजवा हात उचलून पाहिला. "मी हलवला."

घरी मॅबेल झोपली तेवढ्यात मी सारांश लिहिला. शेवटचं वाक्य होतं, थोरला भाऊ हात हलवतो. चांगलं वाक्य होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? चार दिवसांत बारावं प्रकरण लिहून सगळं पाठवून दिलं. त्या चार दिवसांत मी डॅडकडे फिरकले नाही.

पाचव्या दिवशी बेव्हचा फोन आला. "जेमा, काय बोललीस त्याला?"

"का?"

"जेवत नाही. नुसता रडतो. का रडतोस म्हटलं तर म्हणतो, ठाऊक नाही, पण माझ्या हातून काहीतरी झालंय."

गोष्ट तो विसरला होता. सांगताना झालेलं दुःख तेवढं मागे राहिलं होतं.

मॅबेलला घेऊन मी तशीच निघाले. त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून म्हटलं, "कीथ येतोय, डॅड. भरतीबरोबर येतोय." दीड वर्ष हे औषध लागू पडत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि माझं मन राखायला म्हणाला, "हो का? बरं झालं." डोळे गळतच होते.

खिशात फोन थरथरला. फिलिपा. शेवट वाचून रडले, लिहिलं होतं. सोमवारी बोलू या का? फोन मी परत खिशात टाकला.

निघताना मॅबेलने बाबागाडीतून हात हलवला. नुकतीच शिकलीय, माणूस, मांजर, दिव्याचा खांब, दिसेल त्याला बाय-बाय करते. डॅड धडपडत उठला, खुर्ची कलंडली, आणि त्याने तिचा इवलासा हात दोन्ही हातांत दाबून धरला.

"नको राणी. नको, नको."

"अरे रॉय, बाय-बाय करतेय पोर," बेव्ह म्हणाली. "नको कशाला?"

त्याने आठवून पाहिलं. मग माझ्याकडे वळला आणि मी सांगेन म्हणून वाट पाहत राहिला.