बाविसाव्या मजल्यावरचा मुका डबा

"मित्रा, असशील तशी निघून ये. आपला स्ट्रीमर मुका झालाय," अजितने फोनवर फर्मावलं आणि संघमित्राला हसू फुटलं. आपला म्हणे! विकत घेतला तेव्हा तो 'माझा' होता. तीन आठवड्यांपूर्वी ती भावाचं वरळीच्या टॉवरमधलं नवं घर बघायला गेली, तेव्हा त्या डब्याकडे नुसतं बोट नेलं तर याने "हात नको लावूस गं, डाग पडतात" म्हणून हटकलं होतं. आता बिघडल्याबरोबर मालकीत बहिणीचाही वाटा निघाला.

तिने नाही म्हटलं असतं, आनंदाने म्हटलं असतं. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. दादरच्या एका नाट्यगृहात ती अकरा वर्षं साउंड सांभाळत होती, आणि ते नाट्यगृह महिनाअखेर दुरुस्तीसाठी बंद होणार होतं. दुरुस्ती किती वर्षं चालेल हे एक तो कंत्राटदार जाणे. अजितच्या ओळखीचे दिनेश सर लोअर परळला स्टुडिओ बांधून देण्याचा धंदा करायचे. त्यांना वायरिंगच्या कामावर देखरेख ठेवणारं माणूस हवं होतं, आणि ते आज सहा वाजता अजितकडे गाणी ऐकायला येणार होते. "तुझी गाठ घालून देतो," अजित म्हणाला, "पण आधी आवाज आण. आवाजच नसेल तर मी तुझं कौतुक कशावर करू?" परळहून बस पकडून ती तीनला पोचली.

"बाबा कुठायत?" तिने चपला काढता काढता विचारलं.

"असतील खाली. मी दोनला आलो तेव्हा नव्हते. फोन नेहमीसारखा घरीच टाकून गेलेत. तू इकडे बघ."

ती इकडे बघायला लागली. बघण्यासारखं होतंच. बीडीडी चाळीतल्या दहा बाय सोळाच्या खोलीतून माणूस पाचशे फुटांत आला की त्याने हातपाय पसरावेत. अजितने स्पीकर पसरले होते. छातीएवढे उंच दोन काळे खांब भिंतीला पाठ लावून उभे, त्यांच्यामध्ये अँप्लिफायर, म्हणजे अँप, अँपवर तो स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून गाणी ओढून घेणारा लहानसा डबा. समोर एकच खुर्ची, कारण आवाज म्हणे त्या एकाच जागी नीट ऐकू येतो. बाकीच्यांनी कुठे बसावं हा प्रश्न त्याला पडलेला नव्हता. बायको प्रिती चार दिवस माहेरी गेली होती, आणि संघमित्राला तिचं काही चुकलं असं वाटलं नाही.

डब्याच्या पडद्यावर गाणं सुरू असल्याचं दिसत होतं. सेकंद पळत होते, गायिकेचा फोटो हसत होता. खोलीत मात्र पंख्याशिवाय कशाचा आवाज नव्हता.

"मागून बघत येऊ," ती म्हणाली. "आधी स्पीकर, मग अँप, मग डबा. आम्ही थेटरात असंच करतो."

"थेटरात!" अजित अशा सुरात म्हणाला की जणू तिने गटाराचं नाव काढलं. "तुमच्याकडे भोंगे असतात गं. हे डिजिटल आहे. यात प्रॉब्लेम आला तर तो सॉफ्टवेअरचाच येतो. तू स्पीकरला हात लावू नकोस, त्यांची जागा मिलिमीटरमध्ये ठरवलीय."

सॉफ्टवेअर तर सॉफ्टवेअर. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि हे पाणी तर घोटाभरही नव्हतं. ज्या पोराला लहानपणी बॅटरीत सेल उलटे घातल्याचं कळत नसे, तो आज कान टवकारून 'आवाजाला खोली पाहिजे' असली वाक्यं बोलत होता. चौदा एप्रिलला चाळीच्या पटांगणात गाणी लागली की हा हल्ली कानात कापूस घालायचा. त्याच गाण्यांवर याचा बाप रात्र रात्र नाचलेला, आणि बापाच्या खांद्यावर बसून हाही.

मग अजितने आपल्या पद्धतीने दुरुस्ती केली. फोनमधलं अॅप बंद करून उघडलं. राउटर बंद करून सुरू केला. डब्याला नवीन अपडेट दिलं; ते चाळीस मिनिटं चाललं आणि संपल्यावर पडद्यावरचा फोटो तेवढा मोठा झाला. मग त्याने कंपनीच्या मदतकेंद्राला चॅटवर गाठलं. पलीकडून कुणीतरी, किंवा कशानेतरी, लिहिलं की तुमचा संगीताचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, आवाजाचं बटण शून्यावर तर नाही ना? अजितने इंग्रजीत मोठा निबंध लिहून आपण कोण आहोत ते कळवलं. पलीकडून आलं, समजलं, कृपया आवाजाचं बटण तपासा. संघमित्राने मान फिरवून खिडकीतून समुद्र बघितला, नाहीतर ती मोठ्याने हसली असती.

"सर्व्हर सिंगापूरला आहे त्यांचा," अजित कपाळ पुसत म्हणाला. "तिथेच काहीतरी लोचा असणार."

सिंगापूर! घरातली वायर सोडून साहेब समुद्रापार शोध घेत होते. पाच वाजले तेव्हा तिचा धीर सुटला. त्याला न विचारता तिने आपल्या पिशवीतला हेडफोन काढला आणि अँपच्या तोंडात खुपसला. कानात गायिका अशी स्वच्छ उमटली की जणू शेजारी बसून गातेय.

"घे," तिने हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला. "डबा ठणठणीत आहे. अँप ठणठणीत आहे. तुझं सिंगापूरही ठणठणीत आहे. आता स्पीकरला हात लावू की मिलिमीटर मोजत बसू?"

अजितने हेडफोन उतरवला आणि स्पीकरसमोरून बाजूला झाला. ते बघायला तिला फार बरं वाटलं.

स्पीकरच्या वायरी दिसू नयेत म्हणून त्याने सुताराकडून भिंतीलगत प्लायची पेटी करून घेतली होती. तिने स्क्रू काढले, फळी बाजूला केली आणि टॉर्च आत मारला. चारही वायरी स्पीकरपासून सुटलेल्या होत्या. सुटलेल्या कसल्या, सोडवलेल्या होत्या. प्रत्येक टोकावर काळी टेप वेगळी गुंडाळलेली, म्हणजे तांब्याला तांबं लागून अँप जळू नये. आणि टेपचं शेवटचं टोक आतल्या बाजूला दुमडून ठेवलेलं, म्हणजे पुढच्या माणसाला नख घालून उलगडता यावं.

ते दुमडलेलं टोक बघून ती तशीच उकिडवी बसून राहिली. गिरणीतला वायरमन टेप अशी सोडतो. पुढच्या पाळीला येणाऱ्याचा वेळ मोडू नये, ही त्यामागची रीत. दोन्ही पोरांना ती शिकवणारा माणूस एकच होता.

"बाबांनी काढल्यायत," ती म्हणाली.

"काय?" अजित ताडकन उठला. "मुद्दाम? वेड लागलंय म्हाताऱ्याला! चाळ सुटली पण चाळीची अक्कल काही सुटत नाही. आवाज सहन होत नसेल तर तोंडाने सांगायचं ना!"

खरं सांगायचं तर संघमित्रालाही राग आला. बाबांना आजचाच दिवस सापडला होता? तिने कटर काढला, पहिल्या टोकावरची टेप उलगडली. आत पितळी पेचात वायर अडकवायची आणि पिळायचं, दहा सेकंदांचं काम. सहाला वीस मिनिटं होती. डोंगर पोखरून उंदीर निघाला होता, पण उंदीर तर उंदीर, तिची नोकरी त्याच्या पाठीवर बसून येणार होती.

तेवढ्यात लॅचमध्ये किल्ली फिरली आणि बाबुराव आत आले. पँट घोट्यापर्यंत भिजलेली, खांद्यावर टॉवेल. त्यांनी उघडी पेटी बघितली, लेकीच्या हातातली वायर बघितली.

"आज नको जोडूस," ते म्हणाले. "बुधाजी गेला."

"कोण बुधाजी?" अजितने विचारलं.

बाबुरावांनी भिंतीकडे बोट केलं. दोन्ही स्पीकर ज्या भिंतीला पाठ लावून उभे होते, तीच ती. "बाजूच्या खोलीतला. आपल्यासारखाच घरांच्या लॉटरीत आला इथे, पलीकडच्या चाळीतनं. सकाळी नऊला गेला. बायको एकटीच होती. आत्ता सगळं आटपून आलो."

"अहो पण मग मशीन बंद करायचं. वायरी कशाला उपटायच्या?"

"बंद केलं ना. दोनदा केलं. तुझ्या त्या रिमोटने. पाच मिनिटांत परत आपोआप चालू. तिकडे मयताला आंघोळ घालतायत नि इकडे ढोलकी! मी परत बंद केलं. परत चालू."

अजितने खिशातला फोन बाहेर काढला. "ते… ते मी ऑफिसातून करत होतो. फोनवरनं. नवे स्पीकर शंभर तास वाजवून मोकळे करायचे असतात. बंद दिसलं की मला वाटायचं नेट गेलं, म्हणून मी पुन्हा…"

"प्लग काढणार होतो," बाबुराव म्हणाले. "पण तूच बजावलेलंस, प्लग उपटलात तर मशीन मरेल. म्हणून वायरी सोडवल्या. टेपा लावल्यात नीट. तुझं काही जळलेलं नाही."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं संघमित्राला वाटलं. तीन तास ती भावाला मनातल्या मनात हसत होती, आणि या तीन तासांत बाप कुठे आहे हे तिने एकदा विचारलं होतं, चपला काढताना. उत्तराची वाटसुद्धा नीट बघितली नव्हती.

बेल वाजली. दिनेश सर वेळेच्या आधी आले होते. गुळगुळीत दाढी, घामाचा ठिपूस नाही, आणि खोलीत शिरताशिरता भिंतीवर टिचकी मारून आवाज ऐकायची ढब. अजितने घाईघाईने झालेला प्रकार सांगितला, अर्थात फोनचा भाग गाळून.

"अरे यार. सॉरी हां," दिनेश सर म्हणाले आणि त्या एकुलत्या एक खुर्चीत बसले. "पण स्लोमध्ये लावू ना. दार बंद, काचा बंद. बाजूवाल्याला काय कळणार आहे? मी खास दादरहून ट्रॅफिकमधनं आलोय."

"एकच गाणं, बाबा," अजित लगेच म्हणाला. "मयत तर हलवलीय ना आता? मित्राच्या नोकरीचा प्रश्न आहे."

बाबुरावांनी लेकीकडे बघितलं. "तुझ्या नोकरीचा आहे?"

"हो," ती म्हणाली.

"मग तू ठरव," असं म्हणून ते टॉवेल घेऊन मोरीकडे गेले.

तिला ती नोकरी हवी होती. यात लपवण्यासारखं काही नाही. घरात दोघांत एकाचा पगार पुरणार नव्हता आणि बेचाळिसाव्या वर्षी तिला नवीन कोणी दारात उभं करणार नव्हतं. वायर तिच्या बोटांत होती. अजित डोळ्यांनी खुणावत होता. दिनेश सर पायावर पाय टाकून त्या बरोब्बर जागी बसले होते, जिथे म्हणे आवाज नीट ऐकू येतो. त्या दोघांकडे बघता बघता तिला आतून असा वीट आला की तो तिने गिळायचाही प्रयत्न केला नाही.

तिने उलगडलेली टेप पुन्हा वायरीवर गुंडाळली. टोक दुमडलं. फळी लावली आणि एकेक स्क्रू शेवटपर्यंत पिळला.

"फॉल्ट सापडलाय, सर," ती उठत म्हणाली. "तीन दिवसांनी या. वाजेल."

"तीन दिवसांनी मी बेंगलोरला," दिनेश सरही उठले. ते हसत होते. "मॅडम, राग मानू नका, पण माझ्या साइटवर काम उरकणारा माणूस लागतो. कारण सांगणारे माझ्याकडे आधीच खूप आहेत."

"असतील," संघमित्रा म्हणाली. "मेलेल्याच्या भिंतीला पाठ लावून गाणी ऐकणारेही असतील. त्यांनाच ठेवा."

दार लागलं. अजित बहिणीकडे वळून म्हणाला, "बस आता थेटराला कुलूप लागेपर्यंत. मी उद्या त्यांना काय तोंड दाखवू?"

"तेच दाखव. दुसरं कुठेय तुझ्याकडे?"

तिने ओट्यावर मोठं पातेलं ठेवलं, आलं ठेचून घातलं, दहा माणसांचा चहा केला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. लाज एवढीच वाटली की आठवायला संध्याकाळ व्हावी लागली. पातेलं फडक्याने धरून ती बाजूच्या दाराशी गेली. दार उघडंच होतं. आत चारपाच माणसं, आणि भिंतीला टेकून बसलेली एक बारकीशी बाई, मीराबाई.

"तू कोणाची गो?" तिने विचारलं.

"बाबुरावांची मुलगी. बाजूच्या." संघमित्राने पातेलं खाली ठेवलं. माफी कुठून सुरू करायची ते तिला कळेना. "सकाळी आमच्याकडे ते वाजत होतं… चुकलं आमचं, आजी. फार चुकलं."

मीराबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"वाजत होतं खरं," त्या म्हणाल्या. "मी ह्यांच्या उशाशी बसून म्हणत होते, कुठे येऊन मेलात हो, इथे कोणाला कोणाचं काही नाही. आणि मग ते थांबलं. परत लागलं, परत थांबलं. शेवटी थांबलं ते थांबलंच. तेव्हा ह्यांच्या कानाशी वाकून सांगितलं मी, ऐकलंत का, शेजार आहे आपल्याला."