थोरला कॅमेरा, धाकटा कॅमेरा

दोन्ही खोकी फोडून फिटरने कॅमेरे जेवणाच्या टेबलावर शेजारीशेजारी मांडले, तेव्हा त्याच्या बायकोने विचारलं, "चुकून एकच दोनदा आणलात की काय?"

प्रश्न रास्त होता. दोन्ही पांढरे, दोन्ही उपड्या वाटीएवढे आणि दोघांच्याही मधोमध माशासारखा बाहेर आलेला एकच डोळा. अंगणाच्या वर टांगला की हा डोळा चारी बाजूंचं सगळं एका गोल चित्रात पकडतो. मधोमध उभा असलेला माणूस नीट दिसतो, कडेला गेलेला वाकतो आणि ताणला जातो, चमच्याच्या पाठीत आपलं तोंड दिसतं तसा. फिटर ज्या कॅमेऱ्यांच्या दुकानात कामाला होता त्याच्या मालकाला एका मोठ्या शाळेच्या पटांगणासाठी यांतला एक निवडायचा होता. कागदावर किंमत आणि एखादी सोय सोडली तर दोघांत काही फरक दिसेना, म्हणून त्याने फिटरला सांगितलं होतं, "दोन्ही उघड्यावर लाव, चार दिवस वापर, आणि मग छातीठोकपणे सांग, हा की तो."

फिटरने त्यांना नावंही देऊन टाकली. महागातला तो थोरला, स्वस्तातला तो धाकटा. आणि दोघांना टांगायला त्याने जागा निवडली ती स्वतःच्याच घराची. दार आणि फाटक यांच्या मधल्या अंगणावर त्याने एक आडवा पाइप काढला आणि त्याच्या टोकाला हे दोघे भाऊ लटकवले. एकात दोन कामं होणार होती, कारण घरात अप्पा होते.

अप्पा म्हणजे फिटरचे वडील. गेल्या वर्षभरात त्यांच्या डोक्यातलं एकेक सामान कुणीतरी उचलून नेत होतं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग जेवलो की नाही ते गेलं, आणि आता घराचा रस्ता जायला लागला होता. एकदा ते बस थांब्यावर सापडले, एकदा बाजारात एका बंद दुकानाच्या पायरीवर. दोन्ही वेळा कुणा भल्या माणसाने हाताला धरून आणून सोडलं. तिसऱ्या वेळी असा माणूस भेटेलच याची खात्री कोण देणार, असं सून म्हणायची आणि पुढे म्हणायची, "फाटकाला कुलूप लावा."

"बापाला कुलपात ठेवू?" फिटर उसळायचा. "माझा धंदा काय? लोकांच्या घरावर नजर ठेवायचा. आणि माझ्याच घरी मला कुलूप लागतं?"

यात बापाची माया किती आणि धंद्याची ऐट किती, ते त्याचं त्यालाच ठाऊक नसावं. माणूस वाईट नव्हता. फक्त ज्या वस्तूला वायर जोडता येते तिच्यावर त्याचा विश्वास जरा जास्तच होता.

कॅमेरा तपासायचा म्हणजे कुणीतरी त्याच्यासमोर चालावं लागतं. एकजण आत पडद्यापाशी बसतो, दुसरा बाहेर चालतो. आतला ओरडतो, "अजून पुढे, अजून पुढे," आणि चित्र संपायला आलं की, "बस! या परत!" बायको कामाला गेलेली, ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात सकाळच्या पाळीला असायची. घरात दुसरं कोण होतं? फिटरने अप्पांना उभं केलं.

आणि अप्पा एकदम जागे झाले. दुसरा शब्द नाही त्याला. उभा जन्म त्यांनी जमिनीच्या मोजणीत काढला होता. साहेब नव्हेत, मोजणीची दांडी धरणारे. साहेब मागे दुर्बिणीशी वाकलेला असायचा आणि अप्पा रंगीत पट्ट्यांची दांडी घेऊन सरळ रेषेत चालत सुटायचे, काटेकुटे, चिखल, नाला काही न बघता. साहेबाने हात केला की थांबायचं, तोंड साहेबाकडे करायचं, दांडी ओळंब्यात धरायची आणि साहेब सांगेपर्यंत हलायचं नाही. बराच वेळ थांबूनही सांगणं ऐकू आलं नाही, तरच पुढे जायचं, कारण ऐकू आलं नाही म्हणजे साहेबाला अजून पुढचं हवंय. हे सगळं त्यांना जसंच्या तसं आठवलं. सुनेचं नाव आठवत नव्हतं, पण हे आठवलं.

त्यांनी कोपऱ्यातला झाडूचा लांब दांडा उचलला, कॅमेऱ्यांच्या बरोबर खाली उभे राहिले, वर पाहिलं, हात वर केला आणि चालू लागले.

"अजून पुढे, अप्पा!" फिटर खिडकीतून ओरडला. "फाटकाची कडी काढा! जा बाहेर!"

अप्पांनी कडी काढली, गल्लीत गेले, वळून दांडा सरळ धरला.

"बस! या परत!"

परत येताना म्हाताऱ्याची पावलं हलकी पडत होती. खिडकीशी येऊन त्यांनी विचारलं, "बरोबर आलं का?"

"अगदी बरोबर आलं, अप्पा."

कित्येक महिन्यांत बापाने त्याला अर्थ असलेला प्रश्न विचारला नव्हता. कॅमेऱ्याचं काम एका फेरीत झालं असतं, पण मग त्याने त्यांना पुन्हा चालवलं, आणि दुसऱ्या दिवशीही चालवलं. दोघंही खूश होते.

बायकोने एकदा ते पाहिलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. "त्यांना फाटकाबाहेर जायला शिकवताय तुम्ही?"

"अगं, माझ्या डोळ्यांसमोर जातात. आणि हे दोघे वर टांगलेत ना डोळ्यांत तेल घालून."

त्या दोघांचं म्हणाल तर धाकट्याने पहिल्या दिवसापासून घर डोक्यावर घेतलं होतं. मांजर गेलं, ओरडला. वाळत घातलेली चादर हलली, ओरडला. शेजारची शिंपीणबाई कचरा टाकायला गल्लीत आली तरी फिटरचा फोन केकाटायचा. कान किटले, तेव्हा फिटरने धाकट्याचा आवाज बंद करून टाकला. बघू दे त्याला काय बघायचंय ते, नोंद तर होतेच आहे.

थोरला मात्र शहाणा. त्याला चेहरे ओळखता येत. 'घरची माणसं' म्हणून एक जागा होती, तिथे चेहरा भरला की त्या माणसासाठी तो ओरडत नसे, फक्त अंगणात शिरलेल्या परक्यासाठी ओरडे. फिटरने स्वतःचा चेहरा भरला, बायकोचा भरला, अप्पांचा भरला. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी तो हेच करायचा. घरातली झाडून सगळी माणसं आधी भरून टाकायची, म्हणजे उद्या 'तुमचा कॅमेरा आमच्याच सासूवर ओरडतो' म्हणून तक्रार येत नाही. हाताला सवयच ती. अप्पांचा चेहरा भरताना तो गुणगुणत होता. ज्या एका माणसासाठी हा कॅमेरा घरावर चढवला त्याच एका माणसावर तो गप्प बसणार, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. परक्याला हे कळलं असतं. फिटरला कळलं नाही, कारण त्याने हेच काम शेकडो घरांत बिनचूक केलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी बायको चप्पल घालताना म्हणाली, "आज जरा लक्ष ठेवा हं. रात्रभर झोपले नाहीत ते."

"ठेवतो गं. जा तू."

अप्पांना ओसरीत खुर्चीवर बसवून तो मागच्या खोलीत गेला. मालकाला आज निकाल द्यायचा होता. जुनी चित्रं बघता बघता आणि टिपणं काढता काढता तो त्यातच बुडून गेला. फोन समोर होता आणि गप्प होता. मांजर दोनदा गेलं, चादरी फडफडल्या, थोरला हूं की चूं करीना. फिटरची छाती फुगली. त्याने मालकाला फोन लावला.

"मालक, डोळे मिटून थोरला घ्या. सकाळपासून एकदाही उगाच ओरडला नाही."

"धाकटा?"

"त्याचं नावच काढू नका. पोरकट आहे."

मालक हसला, फिटरही हसला. मग शाळेच्या पटांगणाचं, वायरिंगचं, इकडचं तिकडचं बोलणं लांबत गेलं. फोन ठेवून त्याने चहा टाकला, दोन कप भरले आणि हाक मारली, "अप्पा, चहा."

खुर्ची रिकामी होती. फाटक उघडं होतं. कोपऱ्यातला दांडा जागेवर नव्हता.

फिटरच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या दोन्ही वेळा अप्पा बाजाराच्या बाजूला सापडले होते, म्हणून तो अनवाणीच तिकडे धावला. बस थांबा पाहिला, ती पायरी पाहिली, दिसेल त्याला विचारलं. शिंपीणबाईने आपलं मशीन सोडून गल्लीतली चार माणसं गोळा केली आणि तीही बाजाराकडेच पाठवली. बायकोला कुणीतरी फोन केला. ती कामाच्या कपड्यांतच धापा टाकत आली आणि नवऱ्याला बाजारातून मागे ओढत म्हणाली, "नुसते पळताय काय? तुमचे ते दोघे काय म्हणतात ते बघा आधी!"

जन्मभर दुसऱ्यांच्या घरी कॅमेरे लावणाऱ्याला ते सुचलं नव्हतं.

आधी त्याने थोरल्याचं चित्र मागे नेलं. अप्पा दिसले. त्यांच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट होती आणि खाली लिहिलेलं होतं, 'घरचे'. मग धाकट्याचं. तेच अंगण, तेच अप्पा, पण चौकट लाल. त्याने इशारा दिला होता. पुन्हापुन्हा दिला होता. बंद केलेल्या आवाजात तो बोंबलत राहिला होता.

"हिरवी का? थोरला का नाही ओरडला?" बायकोने विचारलं.

फिटरने चित्र पुढे जाऊ दिलं. पडद्यावर अप्पा कॅमेऱ्यांच्या बरोबर खाली येऊन उभे राहिले होते. त्यांनी वर पाहिलं, हात वर केला, खिडकीकडे एकदा बघितलं आणि चालू लागले. फाटकाची कडी काढली, गल्लीत जाऊन वळले, दांडा सरळ धरला. आणि थांबले. खिडकीकडे तोंड करून थांबून राहिले. मग तोंड न वळवता चार पावलं मागे सरकले, पुन्हा दांडा सरळ, पुन्हा थांबले. एका सायकलवाल्याने वळसा घातला, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"कुणाची वाट बघतायत ते?" बायको म्हणाली.

"माझी," फिटर म्हणाला. "मी 'बस' म्हणायची."

आतून फोनवरचं त्याचं हसणं तिथवर ऐकू जात असेल. 'बस' ऐकू आलं नाही. साहेबाला अजून पुढचं हवं होतं. अप्पांनी पाठ फिरवली आणि गल्ली ओलांडून समोरच्या मोकळ्या जागेत शिरले, सरळ, नाकासमोर. चित्राच्या अगदी कडेला, जिथे सगळं वाकडं होतं, तिथे ते चिंचोळे आणि वाकडे होत गेले आणि दिसेनासे झाले. ते बाजाराकडे वळलेच नव्हते. एवढा वेळ सगळी माणसं बाजार धुंडाळत होती.

"त्या बाजूला खड्डा आहे," बायको म्हणाली आणि धावत सुटली.

रस्त्याच्या भरावासाठी तिथली माती खणून नेली होती आणि खड्ड्यात पाणी साचलं होतं. गवतातून दबलेली वाट फाटकापासून तिथवर सरळ गेली होती. मधे एक काटेरी झुडूप होतं, तेही त्यांनी टाळलं नव्हतं. सदऱ्याची चिंधी त्याला अडकली होती. पाणी फार खोल नव्हतं, पण तळाशी चिखल होता आणि अप्पांच्या पायांत बळ नव्हतं. गल्लीतल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं तेव्हा दांडा त्यांच्या मुठीतच होता. तो सोडवायला दोघांना जोर लावावा लागला.

फिटर चिखलात गुडघ्यांवर बसला. "बस, अप्पा," तो म्हणाला. "बस. या परत." बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. तिला ते जमलं नाही, आणि तिला दोष देता येणार नाही.

पुढे काही दिवसांनी मालक भेटायला आला. दारातच टोपी काढून बसला, चार शब्द बोलला. निघताना अवघडून म्हणाला, "घाई नाही, पण शाळावाले विचारतायत. थोरलाच सांगू ना?"

"दोन्ही सारखेच आहेत, मालक," फिटर म्हणाला. "दोघांनाही दिसलं होतं."

मालक गेल्यावर त्याने शिडी लावली. दोन्ही कॅमेरे परत द्यायचे होते. धाकटा त्याने खोलून खोक्यात घातला. थोरला काढण्याआधी आतली नोंद पुसायची असते, तशी तो शिडीवर उभ्याउभ्याच फोनवर पुसायला लागला. स्वतःचा चेहरा काढला, बायकोचा काढला. अप्पांच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं तेव्हा फोनने विचारलं, 'या व्यक्तीला घरच्या माणसांतून काढायचं? काढल्यास ही व्यक्ती दिसताच तुम्हाला कळवलं जाईल.'

बायको खाली शिडी धरून उभी होती. बराच वेळ झाला तरी वरून पेचकसाचा आवाज येईना, म्हणून तिने विचारलं, "काय झालं?"

त्याने 'होय' दाबलं, फोनचा आवाज होता तेवढा सगळा वाढवला आणि शिडीवरून खाली उतरला. थोरला तिथेच राहिला.