डाव्या हाताची गाठ

गाठ आपली नव्हे – झावळीच्या वाळक्या पातीची, टणक, उलट्या बाजूने ओढलेली... खजुराच्या शेंड्याशी, कमरेच्या दोरावर रेलून मुझम्मिल तिच्याकडे बघतच राहिला. आणि गाठीखाली घड – भरलेले, हिरवेगार – जे असायलाच नको होते.

तीन महिने हे झाड त्याच्या छातीवर बसलं होतं. सौदीतल्या अहसाच्या या बागेत फुलोरा वाऱ्यावर सोडत नाहीत. नराचा तुरा मादीच्या पोयीत खोचून माणसाने हाताने बांधायचा, तोही पोय उकलल्यावर चार दिवसांत. नाही बांधला तर धरतात ती नुसती किरटी फळं. त्या दिवशी हे एकच झाड उरलं होतं, आणि फोन वाजला... गावाहून बायको सफूरा रडत होती, "आवो, अम्मा गेली. असरनंतर माती हाय." श्रीवर्धनला असरच्या नमाजनंतर माती, आणि हा लेक इथे बुंध्याशी बसलेला, मांडीवर तुऱ्यांची टोपली; झाडावर चढलाच नाही. संध्याकाळी मालक अबू फहदने विचारलं, "खलास?" – "खलास." डोळे लाल का? धूळ गेली. खरं सांगायला तोंड उघडलं असतं तर तिथेच कोसळला असता, म्हणून खोटं बोलला. तेव्हापासून एकच धास्ती – घड धरणार नाहीत, म्हातारा वर पाहील, आणि अम्माच्या कबरीवर जायची पुढच्या महिन्याची रजा – ती गेलीच म्हणायची. दुसऱ्या दिवशी टोपली रिकामी दिसली तेव्हा वाटलं, शेळ्यांनी खाल्लं.

शेळ्या! शेळीचं दावं, पाण्याचा पाइप, झापाचं दार – या बागेत डाव्या हाताने अशी उलटी गाठ मारणारा माणूस एकच, अबू फहद, आणि तो तर गुडघ्यांपायी नमाजही खुर्चीवर बसून पढतो. कसा चढला असेल? दोर कोणी धरला? आणि वर तीन महिने एक शब्द नाही... या अल्ला, माणसाने उपकार करावेत तरी किती! त्याला हसू आलं, लाज वाटली, आणि अम्मा गेल्यापासून अडकलेलं रडू एकदम मोकळं झालं.

घड विरळ करताना जुन्या गाठी कापून टाकायच्या असतात. ही न कापताच त्याने सुरी कमरेला खोचली.

"यल्ला, मुझम्मिल!" खाली अबू फहद कपाळावर हात धरून वर बघत होता. "खलास?"

तो शब्द जिभेवर आला आणि माघारी फिरला. "ला, बाबा," तो म्हणाला – नाही, अजून नाही.

उतरल्यावर काय सांगायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. पण डोळ्यांत धूळ गेली असं या वेळी सांगायचं नव्हतं.